पुस्तकाच्या पुढे कुणी चालायचं

माझी दुसरी कादंबरी गेल्या पावसाळ्यात लिहून झाली. बीड जिल्ह्यातून कृष्णाकाठी ऊसतोडीला येणाऱ्या एका बाईची ती गोष्ट आहे. तिचं नाव कौसा. हस्तलिखित एका प्रकाशकाकडे पाठवलं आणि उत्तर आलं ते चांगलं होतं. कादंबरी आवडली, छापायला तयार आहोत. खाली दोन अटी होत्या. पाचशे प्रतींच्या आवृत्तीतल्या दोनशे प्रती लेखिकेने सवलतीच्या दराने आधीच विकत घ्याव्यात, आणि पुस्तक येण्याआधी तीन महिने समाजमाध्यमांवर ‘वातावरण तयार करावं’. फेसबुकवर मला किती लोक वाचतात, इन्स्टाग्रामवर खातं आहे का, हेही विचारलं होतं. कादंबरीतल्या एकाही प्रकरणाबद्दल प्रश्न नव्हता.

त्या प्रकाशकाला मी बोल लावत नाही. कागद महागला आहे. तालुक्याच्या गावांतली पुस्तकांची दुकानं एक तर बंद पडली, नाही तर तिथे वह्या, गाइडं आणि भेटवस्तू आल्या. वाचनालयांना अनुदान वेळेवर मिळत नाही आणि मिळालं तरी खरेदी हात आखडूनच होते. 2011च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारी माणसं होती 8 कोटी 30 लाख. एवढ्या माणसांच्या भाषेत नव्या कादंबरीची आवृत्ती पाचशेची निघते, कधी तीनशेची, आणि तीही संपायला वर्षं जातात. अशा व्यवसायात कुणी जोखीम वाटून घ्यायला सांगितली, तर ती लबाडी होत नाही.

माझ्यापुढचा प्रश्न माझ्या वेळेचा आणि माझ्या मनाचा आहे. शाळेची नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण यांतून मला लिहायला पहाट मिळते. दूधवाला दारात येईपर्यंत ती माझी असते. या पहाटेत कौसासाठी वाचक शोधत बसायचं, की पुढची कादंबरी लिहायची? वाटा तीन दिसतात. प्रकाशकाच्या अटी मान्य करणं, पुस्तक स्वतः काढणं, किंवा हस्तलिखित कपाटात ठेवून नव्या कामाला लागणं. तिसरी वाट बोलायला फार सुंदर आहे. लेखकाने फक्त लिहावं, बाकीचं काळ बघून घेईल, असं म्हणणारी माणसं मला लहानपणापासून आवडत आली आहेत. पण कौसा मी कपाटासाठी लिहिलेली नाही. ऊस तोडून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढणारी ही बाई वाचकापर्यंत गेली पाहिजे, असं मला वाटतं. म्हणून पहिल्या दोन वाटांचा हिशेब नीट मांडायला बसले.

हिशेब असा. पुस्तक 352 पानांचं, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे बावीस फॉर्मांचं. किंमत समजा 400 रुपये. दहा टक्के मानधन धरलं तर प्रतीमागे मला 40 रुपये मिळतील आणि पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर 20 हजार. त्याआधी चाळीस टक्के सवलतीने दोनशे प्रती घ्यायच्या म्हणजे 48 हजार रुपये मी भरायचे. स्वतः काढायचं ठरवलं आणि छपाई-बांधणीचा खर्च प्रतीमागे दीडशे रुपये धरला, तर 75 हजार आधी घालावे लागतील. विक्रेत्याने चाळीस टक्के घेतले की माझ्या हातात 240 येतील. त्यातून छपाई वजा जाता 90 उरतील आणि टपाल, खोकी, येणं-जाणं त्यातच भागवावं लागेल. कागदावर दुसरा आकडा मोठा दिसतो. पण पहिल्या वाटेवर न खपलेल्या तीनशे प्रती कुणाच्या तरी गोदामात राहतील आणि दुसऱ्या वाटेवर पाचशेच्या पाचशे माझ्या पलंगाखाली येतील. कादंबरी लिहून पोट भरायचा प्रश्न दोन्हीकडे नाही. पैसे कमी बुडतील ती वाट कोणती, एवढंच या हिशेबातून कळतं आणि माझा निर्णय तेवढ्यावर होत नाही.

तरी दर विचारायला पुण्याला गेले. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात बांधणी चालू होती. घडी घातलेले फॉर्म एकावर एक क्रमाने लावले जात होते. एक मुलगी ते उचलून कडेच्या खुणा बघत होती. प्रत्येक फॉर्मच्या पाठीवर एक छोटी काळी खूण असते. ती क्रमाने जिन्यासारखी उतरत गेली तर फॉर्म बरोबर लागले, आणि मध्येच एखादी पायरी चुकली तर पुस्तकात सोळा पानं इकडची तिकडे. ती मुलगी एकही शब्द वाचत नव्हती आणि तरी पुस्तक तिच्या हातून शाबूत जात होतं. मालक म्हणाले, “ताई, पाचशेच्या खाली ऑफसेट परवडणार नाही. शंभर-दीडशेच पाहिजेत तर डिजिटलवर काढा. पण एक ऐका, शिवून घ्या. नुसतं चिकटवलेलं पुस्तक वाचनालयात चार हातांतून गेलं की पानं सुटतात.” माझ्या पुस्तकाची वाचनालयातल्या चार हातांसाठी काळजी करणारं हे पहिलं वाक्य मी ऐकलं, आणि स्वतःच पुस्तक काढण्याकडे माझं मन तिथेच झुकलं. कागदाचा रंग, अक्षराचा आकार, मुखपृष्ठावर काय असावं आणि काय नसावं, हे ठरवण्यात एक निखळ आनंद आहे. तो लिहिण्याच्या आनंदापेक्षा वेगळा आहे, पण त्याच्या जवळचा आहे.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढण्यात कमीपणा आहे, असं अजून पुष्कळांना वाटतं. ‘कुणी छापायला तयार झालं नसेल’ ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. मराठी कादंबरीचा इतिहास त्या शंकेला दुजोरा देत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890मध्ये पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तिथेच आठवड्या-आठवड्याने वाचकांच्या हाती गेली. कादंबरी लिहिणारा आणि ती छापून आणणाऱ्या साप्ताहिकाचा संपादक एकच माणूस होता. आपली गोष्ट वाचकापर्यंत नेण्याची जबाबदारी हरिभाऊंनी स्वतःवर घेतली होती, आणि त्यापायी त्यातल्या यमूची कहाणी कुठे हलकी झाली नाही.

पुढे 1950च्या दशकात ‘शब्द’ निघाला. नंतर ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी लघुअनियतकालिकं आली. प्रस्थापित मासिकं आपलं छापणार नाहीत, तर आपण आपलं काढू, असं ती काढणाऱ्या तरुण लेखकांनी ठरवलं. राजा ढाले यांनी 1969मध्ये ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून कुणाचं साहित्य साहित्य ठरावं हे ठरवणाऱ्यांच्या अधिकारालाच आव्हान दिलं, आणि ‘सत्यकथा’ मासिकाचा अंक जाळला गेला. त्या रागाला कारण होतं. ठरावीक घरांतली, ठरावीक पेठांतली भाषा हीच साहित्याची भाषा मानली जात असताना बाकीच्यांनी कुठल्या दारात उभं राहायचं होतं? 1970च्या दशकात ‘ग्रंथाली’ने वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि 1978मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ त्या चळवळीतून आलं. प्रकाशकाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून केलेल्या या कामांनी मराठी वाचकाला नवी माणसं दिली. माझी कौसा जिथून येते, त्या जगाला मराठी कादंबरीत जागा मिळाली तीही याच वाटेने. तेव्हा स्वतःचं पुस्तक काढताना मान खाली घालायचं मला काही कारण दिसत नाही.

याच इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. ज्या ‘सत्यकथे’वर ढाले संतापले, तिचे संपादक श्री. पु. भागवत लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेण्यासाठी ओळखले जात. हस्तलिखित हातात आल्यावर ते वाचायचं, कुठे सैल पडलंय ते सांगायचं, लेखकाला परत टेबलापाशी पाठवायचं. छपाई आणि विक्री या प्रकाशनाच्या दिसणाऱ्या गोष्टी. लेखकाला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट मात्र दिसत नसे. कुणीतरी समजून-उमजून ‘अजून झालेलं नाही’ म्हणणं, ही ती गोष्ट. आज पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्या अक्षरजुळणी करतात, मुखपृष्ठ करतात, आयएसबीएन क्रमांक मिळवून देतात, जो आपल्याकडे खरं तर विनामूल्य मिळतो. किंडलवर 2016पासून मराठी पुस्तकं आहेत आणि घरबसल्या पुस्तक प्रसिद्ध करता येतं. या सगळ्या व्यवस्थेत ‘नाही’ म्हणणारा कुणी नाही. लेखकच गिऱ्हाईक झाला की त्याला कोण दुखावणार? मला आलेल्या प्रकाशकाच्या पत्रातही मला हीच उणीव जास्त लागली. दोनशे प्रती घ्यायचा बोजा मी समजू शकते. पण 352 पानं वाचून कुणाला एकही शंका येऊ नये? कौसाच्या नवऱ्याचं मधलं प्रकरण लांबलंय हे मला आतून ठाऊक आहे. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणावं म्हणून तर मी ते पाठवलं होतं.

म्हणजे पुस्तक स्वतः काढायचं तर पहिले पैसे छापखान्याला जाता कामा नयेत, ते संपादकाला गेले पाहिजेत. ज्याला माझी भीड नाही, ज्याला पुढच्या समारंभात माझ्या शेजारी बसायचं नाही, अशा माणसाला मानधन देऊन हस्तलिखित वाचायला द्यायचं आणि तो म्हणेल ते ऐकून घ्यायचं. मुखपृष्ठ साधं चालेल, कागद जरा हलका चालेल. पण या खर्चात कपात करता येणार नाही, हे माझं पक्कं झालं आहे.

उरतं ते वातावरण तयार करणं, आणि माझं मन अडतं ते तिथे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जाहिरातीच्या व्यवसायात आहे. गुणी मुलगा. त्याने कादंबरी वाचली, त्याला मनापासून आवडली आणि त्याने आपणहून मदत करायची तयारी दाखवली. म्हणाला, “बाई, आठवड्याला तीन तरी रील पडायला पाहिजेत. लोकांना पुस्तकाआधी तुम्ही दिसल्या पाहिजेत. तुम्ही उसाच्या फडात उभ्या आहात, वारा आहे, आणि तुम्ही कौसाबद्दल सांगताय.” त्याने परिचयाचा मजकूरही लिहून आणला होता. ‘व्यवस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका कष्टकरी स्त्रीच्या बंडाची गाथा.’ त्यात खोटं काही नाही. कौसा कष्टकरी आहे, आणि शेवटी ती जे करते त्याला बंड म्हणता येईल. पण मी लिहिली ती बाई ही नव्हे.

कादंबरीच्या शेवटी हंगाम संपतो. टोळीचं सामान ट्रकमध्ये चढतं, कोपीचा, म्हणजे झोपडीचा, कूड मोडला जातो, मुकादम माणसं मोजतो. कौसा आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. दोन माणसांना एक कोयता म्हणून मोजायची ऊसतोडीतली रीतच आहे आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली असते. ट्रक सुटायच्या वेळी कौसा खाली उतरते आणि परत चढत नाही. ती का उतरली, हे मला आजही पूर्ण सांगता येत नाही. नवऱ्याचा राग तिच्या मनात आहे. उचल फिटलेली नाही याची भीती आहे. गावाकडे गेल्यावर पुन्हा तेच दिवस आहेत. आणि कोपीच्या मागे तिने लावलेल्या दोन वांग्याच्या रोपांना त्याच आठवड्यात फूल आलेलं आहे. हे सगळं मिळून ती उतरते. ते पान मी अनेकदा लिहिलं आणि दर वेळी कारण सांगणारं वाक्य काढून टाकलं. वाचकाने तिथे माझ्याशिवाय कौसापाशी थांबावं, अशी माझी इच्छा आहे. आता मीच कॅमेऱ्यासमोर उभी राहून ‘हे बंड आहे’ म्हटलं, की रोपांना काही काम उरत नाही. वाचक पुस्तक उघडेल तेव्हा त्या पानापर्यंत तो बंड शोधत येईल. त्याला ते सापडेल आणि बाकीचं सगळं निसटेल.

आपल्या पुस्तकाबद्दल बोलण्यात वेळ जातो, ही तक्रार सगळेच लेखक करतात आणि ती खरीच आहे. मला त्यापेक्षा या स्पष्टीकरणाची धास्ती वाटते. कादंबरी लिहिताना जे मी शब्दांत पकडायचं नाकारलं, तेच मला रोज चार ओळींत पकडावं लागेल. रोज पकडता पकडता मला ते जमू लागेल, आणि जमू लागलं की पुढच्या कादंबरीतली माणसं घडत असतानाच मी त्यांची ओळख मनात लिहू लागेन. ज्या बाईची ओळख चार ओळींत होत नाही, ती बाई मग माझ्या कागदावर येणारच नाही. कादंबरीचं काम मुळात न कळलेल्या माणसापाशी दीर्घकाळ बसून राहण्याचं आहे. त्यासाठी मनाची एक जागा अंधारी ठेवावी लागते, तिथे प्रकाश फार लवकर सोडून चालत नाही.

या बाबतीत मला अरुण कोलटकरांचा मोठा आधार वाटतो. ते कवी, मी कादंबरी लिहिणारी, पण प्रश्न तोच आहे. कोलटकरांचा पोटाचा उद्योगच जाहिरातीचा होता. मुंबईच्या जाहिरातक्षेत्रातले ते नावाजलेले कलादिग्दर्शक. माल लोकांच्या डोळ्यांत कसा भरवायचा, हे त्यांच्याइतकं कुठल्या मराठी लेखकाला कळत असेल? त्या माणसाने आपल्या कवितेसाठी ती विद्या कधी वापरली नाही. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह 1977मध्ये अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ने काढला आणि त्यानंतर त्यांचे मराठी संग्रह आले ते 2003च्या सुमारास. मधली पंचवीस वर्षं ते लिहीत होते. ‘भिजकी वही’ला 2005चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कोलटकर जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी पुस्तकाच्या देखणेपणाकडे दुर्लक्ष केलं असंही नाही. प्रासची पुस्तकं हातात घेतली की पानापानावर केलेला विचार दिसतो. पुस्तक हवं तसं व्हावं यासाठी त्यांनी आणि शहाण्यांनी जिवापाड मेहनत घेतली. छापण्याची मेहनत आणि मिरवण्याची मेहनत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यांच्या पुस्तकांवरून समजलं.

पण कोलटकरांचं उदाहरण मी दुसऱ्यावर लादणार नाही. त्यांना शहाणे होते. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनमध्ये गुरुवारी जमणारे मित्र होते. मुंबई होती. परभणीकडच्या एखाद्या वाडीत बसून लिहिणाऱ्या मुलीपाशी यातलं काय आहे? तिला कुणी संपादक ओळखत नाही, पुण्यातल्या कार्यक्रमाला जायला तिच्याकडे गाडीभाडं नाही, तिच्या घरात तिचं लिहिणं कुणी मनावर घेत नाही. तिच्या हातात फोन आहे. त्या फोनवर तिने आपल्या गोष्टीचा एक तुकडा वाचून दाखवला आणि तो हजार माणसांनी ऐकला, तर मी तिला ‘तू फक्त लिही’ असं कोणत्या तोंडाने सांगू? तो उपदेश ज्यांचं नाव आधीच झालं आहे त्यांना परवडतो. बायकांच्या लिहिण्याकडे तर बोलावल्याशिवाय कुणी फिरकत नाही, हा अनुभव माझाही आहे. त्यामुळे स्वतःचं पुस्तक जगापुढे धरणाऱ्या कुठल्याही लेखिकेला मी उथळ म्हणणार नाही. तिने वाचून दाखवला तो तुकडा तिच्या गोष्टीचा होता, हे मात्र ध्यानात घ्यावंसं वाटतं. ऐकणाऱ्यापुढे तिचं लिहिणंच आलं.

आपल्याकडे फार वर्षं हीच पद्धत होती. का. र. मित्रांनी 1909मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक वाचकाला आधी भेटला तो दिवाळी अंकातून. कादंबरीतलं प्रकरण तिथे यायचं. वाचक ते वाचून ठरवायचा की हा आवाज पुढे तीनशे पानं ऐकायचा की नाही. पुस्तकाची वार्ता पुस्तकाच्याच शब्दांत जायची. लेखक कसा दिसतो, सकाळी किती वाजता उठतो, चहा कुठल्या कपात घेतो, हे कुणाला ठाऊक नसायचं आणि त्याची गरजही नव्हती. आता लेखकाने पुस्तकाच्या पुढे चालावं अशी अपेक्षा आहे. मला पुस्तक पुढे आणि आपण मागे, हा क्रम बरोबर वाटतो.

तो क्रम अजून कुठे टिकून आहे, हे मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाहिलं. शाळेच्या कामासाठी गेले होते, वेळ होता म्हणून तिथल्या वाचनालयात बसले. कपाटात उद्धव शेळक्यांची ‘धग’ होती. 1960 सालची कादंबरी. प्रतीला निळ्या रेक्झिनची नवी बांधणी केलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात हाताने नाव घातलेलं. शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवला होता. आधीचा भरला म्हणून त्यावर दुसरा. वरच्या तारखा शाईच्या पेनाने लिहिलेल्या, फिकट झालेल्या. मग मध्ये पुष्कळ वर्षं काहीच नाही. मग पुन्हा शिक्क्याच्या जांभळ्या तारखा, आणि शेवटची त्याच महिन्यातली. ग्रंथपालबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “नर्सिंगला शिकणारी एक पोरगी आहे, तिनं नेली होती. परत देताना म्हणाली, अशीच आणखी द्या.” शेळक्यांना लेखणीवर संसार चालवायचा होता आणि त्यासाठी पुढे त्यांना भराभर खूप लिहावं लागलं. त्या नर्सिंगच्या मुलीपर्यंत पोचली ती ‘धग’मधली कौतिक. शेळके आज नाहीत, कौतिकची शिफारस करायला ते त्या मुलीपुढे येऊ शकत नाहीत. विदर्भातल्या त्या बाईने आपलं काम आपण केलं. मधल्या कोऱ्या वर्षांत पुस्तक कपाटात नुसतं उभं होतं, पण ते तिथे होतं म्हणून मुलीला मिळालं. कुणीतरी ते विकत घेतलं होतं, शिवून घेतलं होतं आणि पानं सुटल्यावर पुन्हा बांधून घेतलं होतं.

लेखकाने करायचं ते एवढंच, असं मी त्या दुपारी ठरवलं. पुस्तक कपाटापर्यंत न्यायचं. कौसाचं पुस्तक मी स्वतः काढणार आहे. आधी संपादक, मग छपाई, आणि बांधणी शिवूनच. मधलं एक प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवेन. कोपीतल्या बाळंतपणाचं, कारण कादंबरीचा आवाज त्यात पुरता आहे. कायद्याने ज्या चार ग्रंथालयांना प्रत द्यायची असते त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तिथली प्रत मी आनंदाने पाठवेन, कारण ऊसतोडीवरच्या बाईची गोष्ट देशाच्या ग्रंथालयात जमा होणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. महाराष्ट्रात दहा हजारांहून जास्त सार्वजनिक वाचनालयं आहेत. त्यांतल्या जितक्यांना मला पत्र लिहिता येईल तितक्यांना लिहीन, आणि ज्या पट्ट्यातून टोळ्या येतात त्या बीड, पाथर्डीकडच्या वाचनालयांना आधी. विद्यार्थ्याला मी सांगितलं, “फोनवर काही टाकायचंच असेल, तर माझा चेहरा नको. मी वाचलेलं एक पान टाक, आणि पुस्तक कुठे मिळेल ते लिही.” तो थोडा हिरमुसला, पण कबूल झाला. वाचकाचं पत्र आलं, फोन आला, तर मी उत्तर देईन. फक्त कौसा ट्रकमधून का उतरली, हे विचारलं तर त्या वाचकालाच उलट विचारीन की तुम्हाला काय वाटतं.

ही सगळी कामं दुपारच्या आणि रविवारच्या वेळेत बसवायची आहेत. पहाट मी त्यांना देणार नाही. पुढच्या कादंबरीतल्या माणसांबद्दल, ती पुरी होईपर्यंत, कुठेही बोलणार नाही.

यात नुकसान आहे. रील केल्या असत्या तर कदाचित दुप्पट लोकांनी पुस्तक घेतलं असतं, आणि त्या दुप्पट लोकांत कौसाला समजून घेणारी दहा माणसं नक्की असती. ती माणसं मी गमावते आहे, याची मला जाणीव आहे आणि वाईटही वाटतं. पण ज्याच्या हातात हे पुस्तक पडेल त्याला कौसा माझ्या मध्यस्थीशिवाय भेटली पाहिजे. आणि त्या नर्सिंगच्या मुलीसारखं कुणी एखाद्या वाचनालयात पुस्तक परत देताना ‘अशीच आणखी द्या’ म्हणालं, तर द्यायला मी दुसरं लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. मी वाचकाचं देणं लागते ते हेच, आणि ते फेडायला मला माझी सगळी पहाट लागणार आहे.